विद्यापीठात ट्रॉम्बोन शिकायला जाणाऱ्या मुलीसाठी काय घ्यावे, आणि कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे माझे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता. मुलीला एका राज्य विद्यापीठात संगीतशिक्षण शाखेत प्रवेश मिळाला आहे आणि ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढे-मागे सरकवून वाजवायचे पितळी वाद्य, हे तिचे मुख्य वाद्य आहे. आजवर ती वाजवत होती तो ट्रॉम्बोन शाळेचा असल्यामुळे जूनमध्ये परत करावा लागला. आता विभागाकडून वीसेक वस्तूंची यादी आली आहे आणि ती सगळी नवी घेतली तर बेरीज ७,००० डॉलरच्या पुढे जाते. घरात याआधी कोणीही पितळी वाद्य हातात धरलेले नसल्यामुळे त्यातले अटळ काय आणि लांबणीवर टाकता येण्याजोगे काय, हे तुम्हाला ठरवता येत नाही.

मी बरीच वर्षे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ट्रॉम्बोन शिकवतो आणि अशी यादी दर उन्हाळ्यात मीही पाठवतो, त्यामुळे आमच्या बाजूची एक खोड आधी कबूल करतो. यादी करताना शिक्षक चार वर्षांत लागेल ते सगळे एका कागदावर उतरवून मोकळा होतो, आणि वाचणाऱ्या पालकांना ते सगळे पहिल्या सोमवारी वर्गात हजर हवे असे वाटते. तुमची खरी अडचण खरेदीच्या क्रमाची आहे. पहिल्या दिवशी लागणाऱ्या वस्तू थोड्याच असतात, काही वस्तू शिक्षकांशी बोलल्याशिवाय घेतल्या तर पैसे वाया जातात, आणि काहींची गरज ती कोणत्या वाद्यवृंदात बसते हे ठरल्यावरच पडते. मुलीचा ओढा ऑर्केस्ट्राकडे आहे की जॅझकडे, विद्यापीठ वाद्य उसने देते का, आणि मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या बँडमध्ये, वाजवणे तिला बंधनकारक आहे का, हे तुमच्या प्रश्नात नाही. त्यामुळे पुढे जिथे जिथे उत्तर या गोष्टींवर अवलंबून आहे तिथे मी तसे सांगेन.

सुरुवात वाद्यापासून करू, कारण बेरजेतला सर्वांत मोठा आकडा तोच आहे. विद्यापीठातल्या शिक्षकाने नुसते ‘टेनर ट्रॉम्बोन’ म्हटले तरी त्याच्या मनात बहुधा ०.५४७ इंच, म्हणजे १३.९ मिलिमीटर बोअरचा, एफ-अटॅचमेंट असलेला ट्रॉम्बोन असतो. बोअर म्हणजे स्लाइडच्या, म्हणजे सरकत्या भागाच्या, आतल्या नळीची पोकळी. शाळेत सुरुवातीला मिळणारे ट्रॉम्बोन साधारण ०.५०० इंचांच्या आसपासचे असतात. हा फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा दिसतो, पण मोठ्या बोअरच्या वाद्याची बेल, म्हणजे पुढचे कर्ण्यासारखे तोंडही मोठे, साधारण साडेआठ इंचांचे असते, आणि सगळे मिळून आवाज रुंद, गोलसर येतो व इतर ट्रॉम्बोनांच्या आवाजात सहज मिसळतो. त्याची किंमत श्वासात मोजावी लागते. लहान बोअरवरून आलेल्या मुलांना पहिले काही आठवडे वाक्य संपण्याआधीच हवा संपल्यासारखे वाटते, आणि ते अगदी स्वाभाविक आहे.

एफ-अटॅचमेंट ही चैन नव्हे, हे समजून घ्यायला थोडे वाद्यशास्त्र सांगावे लागेल. ट्रॉम्बोनच्या स्लाइडला सात स्थाने असतात आणि प्रत्येक स्थानागणिक स्वर अर्ध्या सुराने उतरतो. सातव्या स्थानावर खालचा ई मिळतो, आणि त्याच्या खाली पहिल्या स्थानावरचा मूळ बी-फ्लॅट येईपर्यंत मधले पाच स्वर साध्या ट्रॉम्बोनवर नसतातच. लाइपझिगच्या क्रिस्टियान फ्रीडरिश झाटलर यांनी १८३९ मध्ये यावर तोड काढली. अंगठ्याने एक व्हॉल्व्ह दाबला की जादा नळी जोडली जाते आणि वाद्य बी-फ्लॅटऐवजी एफमध्ये बोलते. त्यामुळे त्या पाचांपैकी चार स्वर हाती लागतात, शिवाय हात पूर्ण ताणून सहाव्या स्थानावर वाजवायचा सी पहिल्याच स्थानावर मिळतो. पाचवा स्वर, म्हणजे बी, मात्र तरीही निसटतो, कारण एफमध्ये गेल्यावर स्थानांमधली अंतरे वाढतात आणि स्लाइडवर सातऐवजी सहाच स्थाने मावतात. विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या ऑर्केस्ट्रातल्या रचना आणि बरेचसे स्वतंत्र वादनाचे साहित्य हा ट्रिगर, म्हणजे अंगठ्याचा व्हॉल्व्ह, गृहीत धरून चालते. जॅझकडे ओढा असणाऱ्यांना ०.५०८ इंच बोअरचा, ट्रिगर नसलेला हलका ट्रॉम्बोन लागतो, पण संगीतशिक्षण शाखेत आधी मोठा आणि जमल्यास पुढे लहान, हाच क्रम मी सुचवतो.

दुकानात गेलात की विक्रेता व्हॉल्व्हचे प्रकार आणि बेलचा धातू यांवर बोलू लागेल. साधा रोटर, थेअर, हागमान असे व्हॉल्व्ह असतात. बेल पिवळ्या पितळेची, म्हणजे साधारण ७० टक्के तांब्याची, किंवा ‘गोल्ड’ ८५ आणि ‘रोझ’ ९० टक्के तांब्याची असते. या फरकांना अर्थ नाही असे मी म्हणणार नाही, पण अठरा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या वाद्यात ते शेवटी पाहावेत. साधा रोटर जवळपास कुठलाही दुरुस्ती करणारा कारागीर उघडून नीट करू शकतो, आणि महाविद्यालयीन गावात हा गुण फार मोलाचा ठरतो.

बाख ४२ आणि कॉन ८८एच ही या वर्गातली दोन जुनी, सर्वपरिचित नावे आहेत. यामाहा, शायर्स, एडवर्ड्स, गेट्झन यांचीही चांगली वाद्ये मिळतात. नवे घेतले तर साधारण ४,००० डॉलरपासून पुढे जावे लागते. चांगल्या अवस्थेतले जुने १,८०० ते २,५०० डॉलरमध्ये माझ्या विद्यार्थ्यांना मिळत आले आहे. तुमच्या जागी मी जुनेच घेईन, आणि तेही शिक्षकांनी किंवा त्यांच्या एखाद्या वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने वाजवून पाहिल्यावर. ऑनलाइन तीनशे-चारशे डॉलरला जे बिनओळखीच्या नावाचे मोठ्या बोअरचे ट्रॉम्बोन दिसतात त्यांच्यापासून लांब राहा. त्यांचा आवाज कधी कधी बरा असतो, पण सुटे भाग मिळत नाहीत आणि अनेक कारागीर ती वाद्ये हातात घ्यायलाच तयार नसतात.

जुने वाद्य पाहताना लकाकी उडाली आहे का, बेलला पोचा आहे का, याकडे पालकांचे लक्ष आधी जाते. त्याला मी फारसे महत्त्व देत नाही. बेलवरचा लहानसा पोचा ऐकू येत नाही, पण स्लाइडवरचा नखाएवढा पोचाही प्रत्येक स्वराला हाताशी जाणवतो. म्हणून बेल बाजूला काढून नुसती स्लाइड उभी धरावी, खालचे टोक मऊ वस्तूच्या जवळ ठेवावे आणि बाहेरची नळी हळूच सोडून पाहावी. ती स्वतःच्या वजनाने, मध्ये कुठेही न अडखळता खाली सरकली पाहिजे. मग बाहेरची नळी काढून उलट बाजूने एकाच पायावर चढवावी आणि दोन्ही पाय असे वेगवेगळे तपासावेत, कारण दोन नळ्या समांतर नसतील तर एकेकटी सुरळीत चालते आणि दोन्ही मिळून घासतात. आतल्या नळीच्या टोकाशी किंचित जाड भाग असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात. तिथला क्रोमचा मुलामा उडून पिवळे पितळ दिसत असेल तर ती स्लाइड थकलेली आहे असे समजावे. नळीवर गुलाबी-तांबडे ठिपके दिसले आणि ते पुसून जात नसतील तर पितळेतले जस्त निघून जाऊ लागले आहे आणि धातू आतून पोखरला जातो आहे. असे वाद्य स्वस्तातही घेऊ नये. व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. ट्रिगर न दाबता एफ-भागाची ट्यूनिंग स्लाइड थोडी बाहेर ओढावी, क्षणभर थांबावे आणि मग ट्रिगर दाबावा. ‘पॉक’ असा आवाज आला तर रोटर हवा धरून ठेवतो आहे. काहीच आवाज आला नाही तर रोटर झिजला आहे किंवा कुठेतरी हवा गळते आहे.

जुना कॉन ८८एच हाती आला तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. कॉनच्या एल्कहार्टच्या कारखान्यात बनलेल्या अनेक जुन्या वाद्यांत रेमिंग्टन नावाचा वेगळ्या उताराचा माउथपीस (ओठांना लावायचा सुटा भाग) बसतो, आणि आजचा सर्वसाधारण मोठ्या शँकचा, म्हणजे वाद्यात शिरणाऱ्या दांडीचा, माउथपीस त्यात नीट बसत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने अर्धे सत्र स्वतःच्या ओठांना दोष देत काढले आणि शेवटी दोष या जोडात निघाला.

मार्चिंग बँडसाठी हे वाद्य बाहेर काढू देऊ नका. ऊन, पाऊस, डांबरी मैदान आणि शेजारच्याची कोपरे या सगळ्यांत स्लाइड शाबूत राहणे हा निव्वळ योगायोग असतो. पुष्कळ विद्यापीठांत बँडची वाद्ये असतात. नसल्यास दोन-तीनशे डॉलरचा वापरलेला, ट्रिगर नसलेला नामांकित कंपनीचा विद्यार्थी-ट्रॉम्बोन त्या कामाला पुरतो.

माउथपीस ही यादीतली तुलनेने स्वस्त वस्तू आहे, तरी सर्वांत जास्त गोंधळ मी तिथेच पाहतो. आधी शँक पाहावी. लहान बोअरच्या वाद्याला लहान शँक आणि ०.५४७ च्या वाद्याला मोठी शँक लागते. म्हणजे शाळेतला माउथपीस मुलीकडे उरला असेल तर तो बहुधा नव्या वाद्याला चालणार नाही. मापांच्या बाबतीत बाखचे आकडे उलटे चालतात, म्हणजे आकडा लहान तसा पेला मोठा. ६½एएलचा आतला व्यास सुमारे २५.४ मिलिमीटर, ५जीचा २५.५ आणि ४जीचा २६ आहे. (५जीचा मोबाइलच्या जाळ्याशी काही संबंध नाही. हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतेच.) आकड्यांत एक दशांश मिलिमीटर दिसतो, पण पेल्याची खोली आणि कडेचा आकार बदलल्यामुळे ओठांना तो फरक बराच मोठा वाटतो. मोठ्या बोअरवर नव्याने येणाऱ्याला मी ६½एएल किंवा ५जी, नाहीतर डेनिस विक किंवा शिल्के यांचे त्याच मापाजवळचे माउथपीस देतो आणि पुढचे सहा महिने त्याला हात लावू देत नाही. आवडता वादक ४जी वापरतो म्हणून ४जी घेणारी मुले येतात, पहिला आठवडा त्यांना खालचे स्वर भव्य वाटतात आणि मग वरचे स्वर एकेक करून निघून जातात. विद्यार्थिदशेत मी स्वतः एका वर्षात चार माउथपीस बदलले, आणि चौथा पहिल्याच मापाचा होता. तुमच्या यादीत माउथपीसचे नेमके माप लिहिले असेल तर तेच घ्या. लिहिले नसेल तर पहिल्या तासापर्यंत थांबा, कारण बऱ्याच शिक्षकांकडे आजमावून पाहायला माउथपीसचा डबा असतो.

तुम्ही मुलीचे हात लहान असल्याचे लिहिले आहे, ते मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटले. ट्रिगर असलेल्या ट्रॉम्बोनचे जवळजवळ सगळे वजन, म्हणजे दोन किलोंच्या आसपास, डाव्या हातावर येते आणि शिवाय त्याच हाताच्या अंगठ्याने ट्रिगर दाबायचा असतो. शाळेत ती दिवसाला अर्धा-पाऊण तास वाजवत असेल, तर इथे स्वतःचा रियाज आणि वाद्यवृंदाच्या तालमी मिळून चार तास सहज होतात. मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर ‘सवय होईल’ म्हणून पुढे रेटू नये. हाताला आधार देणाऱ्या पकडी तीस-चाळीस डॉलरपासून मिळतात, आणि वजन थेट कमरेवर किंवा खुर्चीवर नेणारा दांडाही मिळतो. अनेकदा कारागीर ट्रिगरचा खटका थोडा वाकवून अंगठ्याजवळ आणून देतो आणि तेवढ्याने काम भागते. म्हणून वाद्य निवडताना आवाजाइतकेच तिच्या अंगठ्याकडेही पाहा.

आता निगा. स्लाइडचे वंगण, रोटरचे तेल, ट्यूनिंग स्लाइडचे ग्रीस, पाण्याची फवारणीची बाटली, लवचीक ब्रश, माउथपीसचा ब्रश आणि नळी पुसायची काठी हे सगळे मिळून साठेक डॉलरमध्ये येते आणि हे पहिल्या दिवशीच हवे. पुण्यात मी ज्या निवृत्त लष्करी वादकांकडे शिकलो ते स्लाइडला कोल्ड क्रीम लावत आणि वर पाण्याचा फवारा मारत. ती पद्धत चुकीची नव्हती, जुन्या काळी इथेही तसेच करत असत. आता स्लाइड-ओ-मिक्स, यामाहा वगैरेंची तयार वंगणे मिळतात आणि ती कमी चिकटतात. चूक होते ती प्रमाणात. आतली नळी पुसून कोरडी करून फक्त स्टॉकिंगवर दोन थेंब लावायचे आणि वर पाणी फवारायचे असते. जुन्यावर नवे चढवत गेले की आत राप तयार होतो आणि मुले कंपनीला नावे ठेवतात. महिन्याकाठी एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून वाद्य धुवावे. कडकडीत पाणी वापरू नये, त्याने लॅकर, म्हणजे वरचा चकाकीचा थर, उठते. जेवून, चूळ न भरता वाजवायला बसणे हे रापाचे दुसरे कारण आहे, आणि वसतिगृहातल्या मुलांना हे दरवर्षी सांगावे लागते.

याच ओघात ट्रॉम्बोनचा जमिनीवरचा स्टँडही घेऊन टाका. स्लाइडला पोचे पडण्याच्या ज्या घटना मी पाहिल्या त्यांतल्या बहुतेक मधल्या सुट्टीत, खुर्चीवर आडव्या ठेवलेल्या वाद्यावर कोणी बसल्यामुळे किंवा धक्का लागल्यामुळे घडल्या. स्लाइड सरळ करून घेण्याच्या एका खेपेच्या खर्चात दोन-तीन स्टँड येतात.

म्यूटच्या, म्हणजे आवाज बदलायला बेलमध्ये बसवायच्या वस्तूंच्या, बाबतीत यादी पाहून घाबरू नका. पहिल्या वर्षी स्ट्रेट आणि कप हे दोन पुरतात आणि दोन्ही मिळून दीडशे डॉलरच्या आत येतात. हार्मन, बकेट वगैरे जॅझ बँडमध्ये जागा मिळाली तरच लागतात. प्लंजर तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच रबरी, संडास तुंबल्यावर वापरतात तो, दांडा काढून वापरायचा असतो. अर्थात नवा कोरा. नव्या म्यूटचे बूच बेलमध्ये नीट बसत नसेल तर पॉलिश पेपरने थोडे थोडे घासावे, एकदम घासले तर म्यूट आत शिरून बसतो. बेलमध्ये आधी दमट श्वास सोडला की बूच घट्ट धरते आणि शांत प्रसंगी म्यूट जमिनीवर आदळण्याची नामुष्की टळते. वसतिगृहासाठी प्रॅक्टिस म्यूट घ्यायचा मोह होईल. रात्री अडीअडचणीला तो ठीक आहे, पण त्याने हवेला होणारा अडथळा बदलतो आणि रोज त्यातच वाजवणाऱ्याचा आवाज हळूहळू आखडतो. संगीत विभागाच्या रियाजाच्या खोल्या त्यासाठीच असतात.

पुस्तकांपैकी तीन बहुधा लागतीलच. आर्बन यांच्या पद्धतीची ट्रॉम्बोनसाठीची आवृत्ती, एमरी रेमिंग्टन यांच्या नावाने ओळखले जाणारे सुरुवातीचे स्वराभ्यास, आणि बॉर्दोन्यी यांच्या गायनासाठीच्या स्वराभ्यासांतून रोशू यांनी ट्रॉम्बोनसाठी निवडलेले सुरेल अभ्यास. या तिसऱ्या पुस्तकाचा पहिला खंड विकत घ्या, बाकीचे पुढे पाहता येतील. त्यातली पाने गळ्याने गाता येतात, आणि मी मुलांना आधी ती गायलाच लावतो. यांच्या जोडीला टेनर क्लेफ शिकवणारे एखादे पुस्तक लागेल. क्लेफ म्हणजे स्वरलिपीच्या कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे ठरवणारे चिन्ह. शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनला बहुतेक वेळा बास क्लेफच वाचावा लागतो, ऑर्केस्ट्रात मात्र टेनर आणि आल्टो क्लेफही येतात, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची खरी तारांबळ तिथे उडते. या उन्हाळ्यात तिने एखादीच गोष्ट आगाऊ शिकायची असेल तर ती टेनर क्लेफ असावी. आल्टो ट्रॉम्बोन किंवा बास ट्रॉम्बोन घ्यायचा विचारही आता करू नका. लागलेच तर ते विद्यापीठाच्या कपाटात बहुधा असतात.

लय दाखवणारा मेट्रोनोम आणि सूर तपासणारा ट्यूनर यांसाठी फोनवरचे एखादे चांगले ॲप पुरते. मात्र सुई हिरवी करण्याच्या खेळात अडकू नये म्हणून मी ॲपमधला अखंड स्वर लावून त्याच्याशी मिळवून वाजवायला सांगतो. आपल्याकडे तानपुऱ्याशी सूर मिळवतात तेच हे तत्त्व आहे. रेकॉर्डिंगसाठी फोन चालेल, फक्त तो तीनेक मीटर लांब ठेवावा, कारण फोन स्वतःच आवाजाची पातळी दाबतो आणि जवळून सगळेच सारख्या जोरात वाजल्यासारखे ऐकू येते. वादकांसाठीचे कानातले बोळे वीस-पंचवीस डॉलरला मिळतात आणि यादीत नसले तरी घ्यावेत. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची शिफारस केलेली मर्यादा आहे आणि प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. बँडमधल्या ट्रॉम्बोनच्या रांगेत, तालवाद्यांच्या पुढ्यात बसले की ही मर्यादा एका तालमीतच ओलांडली जाऊ शकते.

वाद्य घेतल्यावर त्याचा अनुक्रमांक आणि चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवा आणि तुमच्या घरविम्यात वसतिगृहातले वाद्य येते का हे विचारा. सुट्टीत मुंबईला जाताना वाद्य बरोबर नेणार असाल तर अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या २०१५ पासूनच्या नियमानुसार, विमानात चढतेवेळी वरच्या कप्प्यात जागा असेल तर लहान वाद्य हातसामानात नेता येते. त्यामुळे लवकर चढणे फायद्याचे ठरते. पुढच्या जोडणीच्या विमानाची कंपनी दुसऱ्या देशाची असेल तर तिचे नियम वेगळे पाहावे लागतील.

तुमच्या बाबतीत मी हा आठवडा खरेदीला न देता एका ईमेलला देईन, आणि ते मुलीने लिहावे, तुम्ही नव्हे. त्यात तीन प्रश्न असावेत. पहिल्या सत्रासाठी विभाग मोठ्या बोअरचा ट्रॉम्बोन उसना देतो का, कारण देत असेल तर वाद्याची खरेदी डिसेंबरपर्यंत पुढे जाते आणि तोवर तिला स्वतःची पसंती कळलेली असते. माउथपीसचे माप कोणते, की पहिल्या तासाला ठरवायचे. आणि गावातल्या विद्यार्थ्यांची वाद्ये कोणता कारागीर दुरुस्त करतो. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले की तो फोन क्रमांक वाद्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवायला सांगा, कारण तो लागतो तेव्हा बहुधा मैफलीच्या आदल्या संध्याकाळी लागतो.